टी.पी.आर.च्या (तापमान, नाडी, श्वास यांच्या) तक्त्यात वेदनेचा एक रकाना हवा

प्रति,
महाराष्ट्रातील जिल्हा रुग्णालये व स्त्री रुग्णालये येथील विशेष नवजात शिशू काळजी कक्षांचे प्रमुख बालरोगतज्ज्ञ, तेथील इन्चार्ज सिस्टर आणि सार्वजनिक आरोग्य विभागातील बालआरोग्याचे काम पाहणारे अधिकारी यांस,

विषय: नवजात बाळाच्या वेदनेची नोंद ठेवणे आणि त्यासाठी नाडी, श्वास व ऑक्सिजनच्या आकड्यांचा योग्य उपयोग करणे याबाबत.

सविनय नमस्कार.

नवजात बाळांच्या कक्षात मी चोवीस वर्षे परिचारिका म्हणून काम केले, त्यातली शेवटची नऊ वर्षे इन्चार्ज म्हणून. या काळात मी किती तक्ते भरले त्याची गणती नाही. तापमान, नाडी, श्वास, ऑक्सिजन, दूध किती दिले, लघवी किती वेळा झाली, वजन, साखर, कावीळ, हे सारे त्या तक्त्यांत असे. बाळाला दुखले का, किती दुखले आणि त्यासाठी आम्ही काय केले, हे लिहायला मी काम केलेल्या कक्षाच्या तक्त्यात जागा नव्हती. हे पत्र त्या जागेसाठी आहे.

एका रात्रीची गोष्ट सांगते, कारण माझे म्हणणे तिच्यातूनच सुरू झाले. तीस आठवड्यांचे, बाराशे ग्रॅम वजनाचे बाळ होते. सहावा दिवस, नाकाला श्वासाला आधार देणारे सीपॅप यंत्र, उजव्या हाताला ऑक्सिमीटरचा प्रोब. रात्री दोन वाजता साखर तपासायची म्हणून मी टाचेला सुई टोचली. टोचण्यापूर्वी बाळ गाढ झोपेत होते, मॉनिटरवर नाडी १४२ आणि ऑक्सिजन ९४ होता. टोचल्यावर नाडी १६८ वर गेली आणि ऑक्सिजन ८८ पर्यंत उतरला. थेंब पुरेसा येईना म्हणून मी टाच दाबत राहिले. बाळ रडले नाही, भुवया क्षणभर आवळल्या आणि सैल झाल्या. आकडे मिनिटाभरात पूर्वपदावर आले. सकाळी सहाला तीच तपासणी आणि पुन्हा जवळपास तेच आकडे. तक्त्यात मी लिहिले: ‘दोन व सहा वाजता नाडी वाढली, ऑक्सिजन कमी झाला.’ टोचण्याचा उल्लेख केला नाही, कारण तो वेगळ्या कागदावर, साखरेच्या तक्त्यात होता.

सकाळच्या राउंडला डॉक्टरांनी त्या ओळी वाचल्या आणि जंतुसंसर्ग तर नाही ना, हे पाहण्यासाठी रक्त पाठवायला सांगितले. त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची नाडी वाढते आणि ऑक्सिजन उतरतो तेव्हा कोणताही सावध डॉक्टर हेच करील. शिरेतून रक्त काढायला तीन वेळा टोचावे लागले. तपासणीत काही निघाले नाही. बाळाची वेदना मीच आकड्यांत लिहिली होती, पण ती वेदना म्हणून वाचली गेली नाही आणि तिच्यावर उपाय म्हणून बाळाला आणखी वेदना मिळाली.

पुढे अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी वापरली जाणारी ‘पिप-आर’ ही वेदनामापन पट्टी मी शिकले तेव्हा त्या रात्रीचे आकडे तिच्यावर ताडून पाहिले. या पट्टीची मूळ आवृत्ती १९९६ मध्ये कॅनडात तयार झाली आणि सुधारित आवृत्ती २०१४ मध्ये आली. तिच्यात सात गोष्टी पाहतात: गर्भवय, टोचण्यापूर्वी बाळ झोपलेले होते की जागे, नाडी किती वाढली, ऑक्सिजन किती उतरला, भुवया किती आवळल्या, डोळे किती घट्ट मिटले आणि नाकाच्या बाजूची घडी किती खोल झाली. नाडी २५ किंवा अधिकने वाढली तर ३ गुण, ऑक्सिजन ६ ते ८ टक्क्यांनी उतरला तर २ गुण. त्या बाळाला नाडीचे ३, ऑक्सिजनचे २, भुवयांचा १, गर्भवयाचे २ आणि गाढ झोपेचे ३ असे ११ गुण मिळाले असते. ही मध्यम वेदना झाली. गर्भवय आणि झोप यांचे गुण का धरायचे, असा प्रश्न मला सुरुवातीला पडला होता. उत्तर साधे आहे: बाळ जितके अपुऱ्या दिवसांचे आणि जितके झोपेत, तितके ते कमी दाखवते, ते दाखवत नाही म्हणून त्याला दुखत नाही असे ठरू नये, यासाठी पट्टी त्याच्या बाजूने ते गुण धरते.

लहान बाळाला दुखते हे सिद्ध करावे लागले, ही गोष्ट आजच्या तरुण सिस्टरांना खरी वाटत नाही. पण ती फार जुनी नाही. १९८५ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन येथे जेफ्री लॉसन नावाच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळावर हृदयाजवळील रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया झाली. त्याला स्नायू लुळे करणारे औषध दिले होते, भूल दिली नव्हती. काही आठवड्यांनी ते बाळ गेले. नंतर ही गोष्ट कळल्यावर त्याची आई जिल लॉसन यांनी ती जाहीरपणे मांडली, तेव्हा त्या काळी अनेक ठिकाणी हीच पद्धत होती हे लोकांना कळले. नवजात बाळाच्या मज्जातंतूंवरचे आवरण पूर्ण झालेले नसते, म्हणून त्याला वेदना जाणवत नाही, असा समज होता. आवरण अपुरे असल्याने संदेश सावकाश जातो, इतकेच त्यात खरे होते. आणि बाळाच्या एवढ्याशा देहात त्याला जायचे अंतरही थोडेच असते.

त्याच काळात इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद हाच प्रश्न घेऊन बसले होते. शस्त्रक्रियागृहातून परत येणारी बाळे इतकी ढासळलेली का असतात, हे त्यांना कळत नव्हते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याच शस्त्रक्रियेच्या काही बाळांना नेहमीच्या औषधांबरोबर फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक दिले आणि काहींना दिले नाही. ज्यांना दिले नाही त्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरके आणि साखर कितीतरी अधिक वाढली, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीही त्यांच्यातच जास्त झाल्या. त्याच वर्षी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने नवजात बाळांनाही भूल द्यावी, अशी भूमिका जाहीर केली.

हा इतिहास मी एवढ्यासाठी सांगितला की बाळाच्या वेदनेचा खटला शरीरक्रियेच्या मोजमापांनीच जिंकला. रडणे ही केवळ प्रतिक्षिप्त क्रिया आहे म्हणून जे झटकले जात होते, ते रक्तातल्या आकड्यांपुढे झटकता आले नाही. त्यामुळे आकड्यांविषयी माझ्या मनात आदर आहे. पण खाटेशेजारी उभे राहून चोवीस वर्षे हेच आकडे पाहिल्यावर त्यांची मर्यादाही मला ठाऊक आहे, आणि ती आपल्यापुढे स्पष्ट मांडणे मला आवश्यक वाटते.

नाडी वेदनेने वाढते, तशी ती भुकेने, तापाने, रक्त कमी असल्याने, श्वास चालू राहावा म्हणून दिलेल्या कॅफिनच्या मात्रेने आणि नुसते लंगोट बदलण्यानेही वाढते. ऑक्सिजनचा आकडा बाळाने हात हलवला की चुकतो. प्रोब सैल असेल तर तो बाळाचा नसून त्या प्रोबचाच आकडा असतो. शिवाय ऑक्सिमीटर काही सेकंदांची सरासरी दाखवतो, म्हणून टोचल्या क्षणी जे घडले ते पडद्यावर थोडे उशिरा उमटते. जी सिस्टर टोचून लगेच मान वर करून पाहते तिला सर्व ठीक दिसते, आणि ती दुसऱ्या बाळाकडे वळते तेव्हा आकडा उतरलेला असतो. श्वासाचेही तसेच आहे. मोठ्या बाळाला दुखले की ते भराभर श्वास घेते. अठ्ठावीस-तीस आठवड्यांचे बाळ कधीकधी श्वास रोखूनच धरते.

सर्वांत फसवा प्रसंग म्हणजे डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचे डोळे जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तपासावेत, ही आपल्याकडची पद्धत अत्यंत आवश्यक आहे. त्या तपासणीने किती बाळांची दृष्टी वाचली हे मी स्वतः पाहिले आहे. पण तारेच्या चिमट्याने पापण्या ताणून धरून डोळ्यावर दाब देणे हे बाळाला फार दुखते. या वेळी नाडी वाढेल अशी आपली अपेक्षा असते. पण डोळ्यावर दाब आला की एका प्रतिक्षिप्त क्रियेमुळे नाडी एकदम मंदावू शकते. दुसरीकडे, बाहुली मोठी करायला टाकलेल्या थेंबांमुळे रक्तदाब व नाडी वेदनेशिवायही वर जाऊ शकते. म्हणजे ज्या घटकेला बाळाला खात्रीने दुखते आहे, त्या घटकेला नाडीचा आकडा वर, खाली किंवा मधेच कुठेही असू शकतो. केवळ ‘नाडी वाढली का’ एवढेच विचारणारा त्या वेळी चुकीचे उत्तर लिहील. तेव्हा बाळाच्या मुठी, ताणलेली हनुवटी आणि ऊब देणाऱ्या वॉर्मरच्या काठावर घासणाऱ्या टाचा पाहाव्या लागतात.

आणि मग ती बाळे, जी काहीच दाखवत नाहीत. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, असे आपण सहज बोलतो. ज्या बाळाच्या घशात श्वासनळी आहे ते रडले तरी आवाज येत नाही. तोंड उघडते, चेहरा चुरगळतो आणि खोली शांतच राहते. ज्याला आकडीसाठी फेनोबार्बिटोन दिले आहे त्याचा चेहराही फारसा हलत नाही. ज्याला स्नायू शिथिल करण्याचे औषध दिले आहे त्याच्या बाबतीत नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन यांखेरीज दुसरा साक्षीदारच उरत नाही. तिथे हे आकडे डोळ्यांत तेल घालून वाचले पाहिजेत. आणि जे बाळ अनेक दिवस आजारी आहे, ज्याला दिवसातून कितीतरी वेळा टोचले आहे, त्याची ताकदच संपलेली असते. ते निपचित पडते, नाडी फारशी हलत नाही, आणि आपण पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला हँडओव्हर देताना म्हणतो, ‘बाळ शांत आहे.’ हे वाक्य मीही असंख्य वेळा म्हटले आहे. आज ते ऐकले की मी विचारते, शांत आहे की थकले आहे?

मेंदूचा प्रतिसाद थेट पाहणाऱ्या संशोधनातूनही हेच दिसले. लंडनच्या संशोधकांना टाच टोचताना काही बाळांच्या चेहऱ्यावर काहीही उमटले नाही तरी मेंदूच्या पृष्ठभागावर प्रतिसाद उमटलेला आढळला. २०१० मध्ये तिथल्याच एका अभ्यासात वेदना कमी व्हावी म्हणून साखरेचे पाणी दिलेल्या बाळांचे वेदनेचे गुण कमी आले, पण मेंदूच्या विद्युत आलेखातील प्रतिसाद साखर न दिलेल्या बाळांइतकाच होता. २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने दहा नवजात बाळांच्या मेंदूचे स्कॅन केले, तेव्हा मोठ्या माणसांत वेदनेच्या वेळी जागी होणाऱ्या २० भागांपैकी १८ भाग बाळांतही जागे झालेले दिसले. ही मोजमापे आपल्या कक्षात रोज करता येणार नाहीत आणि तशी अपेक्षाही नाही. पण एक खूण शांत असली तरी दुसरी बोलत असते, एवढे त्यांतून घ्यायला हवे. साखरेच्या पाण्याविषयी माझे मत असे की ते द्यावे, कारण बाळ लवकर सावरते. मात्र ते दिले म्हणून टोचणे वेदनारहित झाले, असा हिशेब करू नये.

तळव्याच्या घामावरून किंवा नाडीच्या ठोक्यांतील सूक्ष्म फरकावरून वेदनेचा एकच आकडा दाखवणारी उपकरणे बाजारात आहेत. अधिकाऱ्यांनी त्यांच्या खरेदीकडे घाई करू नये, अशी माझी विनंती आहे. फार अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या तळव्यांना भावनेचा किंवा वेदनेचा घाम पुरेसा येतच नाही, त्यामुळे ज्याला सर्वांत जास्त गरज आहे त्याच्याच बाबतीत ते मोजमाप आंधळे ठरते. नाडीतील फरक मोजायला वेळ लागतो आणि एका टोचण्याचा क्षण त्यात हरवू शकतो. त्या पैशात टाच टोचण्याचे स्वयंचलित लॅन्सेट कितीतरी येतील. त्यांची जखम ठरलेल्या खोलीची होते आणि टाच कमी पिळावी लागते. अनेकदा सुईपेक्षा ते पिळणेच बाळाला अधिक छळते.

आता प्रत्यक्ष मागणीकडे येते. आपल्या प्रत्येक कक्षाच्या टी.पी.आर.च्या तक्त्यात वेदनेचा एक रकाना वाढवावा. नाडी-श्वास लिहिताना तोही भरला जावा, आणि टोचणे, सक्शन (नळीने स्राव ओढून काढणे), नळी घालणे, चिकटपट्टी काढणे, डोळे तपासणे यांपैकी काही झाले तर त्या वेळचे गुण त्याच कागदावर, त्या क्रियेच्या नावासह लिहिले जावेत. टोचण्याआधीचे आकडे पंधरा सेकंद पाहून ठेवावेत आणि टोचल्यानंतर तीस सेकंद नजर हलवू नये. पट्टी कोणती, यावरून वाद घालण्यात वेळ घालवू नये. टोचण्यासारख्या क्षणिक वेदनेला पिप-आर चांगली. शस्त्रक्रिया झालेल्या किंवा व्हेंटिलेटरवरच्या बाळासाठी एन-पास ही पट्टी सोयीची, कारण ती गुंगी आणि वेदना वेगवेगळी मोजते. एका सिस्टरकडे आठ-दहा बाळे असतील तिथे चेहरा, रडणे, श्वास, हात, पाय आणि जागेपणा एवढेच पाहणारी निप्स पट्टीही पुरे, मात्र तिच्याशेजारी नाडी व ऑक्सिजनचा फरक लिहावा. मनुष्यबळ अपुरे आहे, हे मला कोणी सांगायला नको. रात्रपाळीला एकटीने कक्ष सांभाळलेली मी बाई आहे. म्हणूनच मी नवा कागद मागत नाही, असलेल्या कागदावर एक रकाना मागते.

रकाना भरला की पुढचा प्रश्न आपोआप येतो: टोचणे गरजेचे होते का? पॅरिस परिसरातील १३ कक्षांत ४३० बाळांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वेदनादायक क्रियांपैकी सुमारे ८० टक्के क्रिया वेदना कमी करणारा कोणताही खास उपाय न करता झाल्या होत्या. इतक्या संपन्न ठिकाणी हे घडत होते, आणि कोणीतरी मोजले म्हणूनच ते कळले. आपल्याकडे साखर, काविळीसाठीचे बिलिरुबिन आणि बाकी तपासण्यांचे रक्त एका वेळी घेतले, तर दिवसातली दोन टोचणी सहज वाचतात. पूर्ण दिवसांच्या बाळाला टाचेपेक्षा शिरेतून सराईत हाताने रक्त घेतलेले कमी दुखते, हेही अभ्यासांत दिसले आहे.

आणि आई. केंद्र सरकारच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेने आई-वडिलांना कक्षात येऊन बाळाची काळजी घेण्याचा मार्ग मोकळा केला. तरीही मी पाहिलेल्या बऱ्याच ठिकाणी रक्त घ्यायची वेळ आली की ‘आई, जरा बाहेर बसा’ असेच सांगितले जाई. मीही सांगत असे. आईला पाहवणार नाही, असे वाटायचे. ज्या महाराष्ट्रात १९८९ मध्ये शीव रुग्णालयात आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी उभी राहिली, त्या राज्यात आईला तिच्या बाळाच्या दुखण्याच्या वेळी दाराबाहेर ठेवण्याचे कारण नाही. आईच्या छातीवर कांगारू पद्धतीने, त्वचेला त्वचा लावून ठेवलेल्या बाळाला टोचले तर त्याचे वेदनेचे गुण कमी येतात; दूध पिता पिता टोचले तरीही तसेच. जिथे छातीवर घेता येत नाही तिथे बाळाचे हातपाय पोटाशी गोळा करून दोन्ही तळहातांत धरायचे असतात. हे मी एका बाळंतिणीकडून शिकले. तिला कोणी शिकवले नव्हते. मी टाच पुसत असताना तिने एक हात बाळाच्या डोक्याला लावला, दुसऱ्या हाताने पाय जवळ घेतले आणि म्हणाली, ‘सिस्टर, आता टोचा. मघाशी त्यानं बोटं फाकवली होती, तेव्हाच दुखलं त्याला.’ मघाशी मी मॉनिटर पाहिला होता आणि त्यावर काही नव्हते. फाकलेली बोटे ही वेदनेची खूण आहे, हे मी पुस्तकात नंतर वाचले.

म्हणून रकान्यातील नोंद भरताना आईलाही विचारावे आणि तिचे म्हणणे ‘आईच्या मते’ असे लिहून नोंदवावे, एवढी भर मी आपल्या विचारार्थ सुचवते.

हे सर्व एकदम राज्यभर करावे, असा माझा आग्रह नाही. एका जिल्ह्यातील एका कक्षाने तीन महिने हा रकाना भरून पाहावा. दर बाळामागे रोज किती टोचणी झाली, त्यांपैकी किती वेळा गोड द्रावण, दूध किंवा आईचा स्पर्श मिळाला आणि ‘नाडी वाढली’ म्हणून पाठवलेल्या किती तपासण्या टोचण्याच्या वेळेशी जुळल्या, हे तीन आकडे त्यांनी काढावेत. अशा कक्षातील सिस्टरांना पट्टी शिकवायला, त्यांच्याबरोबर रात्रपाळीला उभे राहून पहिले आठवडे तक्ते भरायला मी कोणत्याही मानधनाशिवाय येईन. आपण कक्ष ठरवावा आणि कळवावे.

कळावे,
आपली नम्र,
नवजात शिशू कक्षातील एक निवृत्त परिचारिका